प्लमची अढी

लेकीनं पडवीत मुद्दाम उघडे ठेवलेले प्लमचे दोन क्रेट मी उचलले, माळ्यावर नेले आणि भाताच्या पेंढ्यात, आंब्यांच्या शेजारी, त्यांची रीतसर अढी घातली.

गुन्हा कबूल आहे. महाडच्या कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे कबुलीजबाब कसा असतो ते मला ठाऊक आहे. आधी गुन्हा, मग परिस्थिती, आणि सगळ्यात शेवटी 'घरी म्हातारे आईवडील आहेत, कमीत कमी शिक्षा व्हावी'. माझे आईवडील गेले, त्यामुळे ते शेवटचं वाक्य मला वापरता येत नाही. सगळी भिस्त परिस्थितीवर.

परिस्थिती अशी. मला एकच मुलगी. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा मी म्हटलं, वकील हो, माझ्या टेबलासमोरून काळा कोट घालून जा, मी उठून उभा राहीन. तिनं शेतकी कॉलेजात नाव घातलं. तिथून पुढच्या शिक्षणाला थेट उत्तरेत गेली, पंजाब संपून डोंगर सुरू होतात त्या बाजूला. विषय काय, तर झाडावरून काढलेली फळं जास्तीत जास्त दिवस कशी टिकवायची. आणि फळ कुठलं, तर प्लम. आमच्या घराण्यात तोवर कोणी प्लम खाल्लेला नव्हता. मी पाहिला होता, महाडच्या बाजारात हातगाडीवर, आणि टोमॅटो समजून अर्धा किलो मागितला होता.

तिच्या मार्गदर्शक बाई कडक. त्यांनी तिला विचारलं म्हणे, की शीतगृहात फळ टिकतं हे जगाला माहीत आहे, पण जिथं वारा सुटला की वीज जाते तिथल्या माणसानं काय करायचं? आमची लेक म्हणाली, "मॅडम, तसं गाव मला माहीत आहे. माझंच आहे." हे तिनं मला फोनवर सांगितलं आणि माझा ऊर भरून आला. आमच्या गावच्या विजेचा असा उपयोग होईल असं वीज मंडळालाही कधी वाटलं नसेल.

तर मेच्या सुरुवातीला ती प्लमचे चार क्रेट घेऊन आली. तिकडच्या सखल भागात ते फळ तेव्हाच तयार होतं, आणि त्याचा हंगाम जेमतेम आठ-दहा दिवसांचा. पनवेल स्टेशनवर मी उतरवून घ्यायला गेलो. हिरवट पिवळी, गालावर नुकती लाली चढलेली, दगडासारखी टणक फळं. एसटीच्या मागच्या बाकावर क्रेट रचले. कंडक्टर म्हणाला, "काका, लगेज." मी ताठ बसून म्हटलं, "हे संशोधन आहे." तो तिकीट फाडत म्हणाला, "असू द्या की. संशोधनाचं पण लगेज लागतं."

आमचं घर महाड-पोलादपूर रस्त्याच्या थोडं आत, वाडीत. मार्चमध्ये चवदार तळ्यावर येणारे आमचे लांबलांबचे पाहुणे दोन दिवस आमच्याकडेच उतरतात, त्यांच्यासाठी मागच्या साली परसात एक जादा मोरी बांधली होती. तिच्या विटा उरल्या होत्या, वाळूही उरली होती. लेकीनं आल्याच्या संध्याकाळीच पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि आंब्याच्या सावलीत त्या विटांची कोठी रचायला घेतली. एकात एक अशा दोन भिंती, कमरेइतक्या उंच, मधल्या वीतभर फटीत वाळू. वर झाकायला बांबूचा तट्टा आणि ओलं गोणपाट. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं. वाळूतलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, माठात होतं तसं. ना वायर, ना बटण.

माझी चुलत वहिनी शेजारच्याच घरात राहते. हायवेच्या कडेला बसून ती करवंदं, जांभळं, आंबे, फणसाचे गरे विकते. मुंबईच्या गाड्या थांबल्या की भाव सांगायच्या आधी ती माणसाचा चेहरा वाचते. ती कंबरेवर हात ठेवून कोठीकडे बघत राहिली.

"कोंबड्यांचा खुराडा बांधतंस काय गो?"

"नाय काकी, प्लमचा."

"पळून जातात काय ते?"

लेक हसली. मग तिनं पिशवीतून एक डबी काढली. आत विटेचे छोटे छोटे तुकडे होते, जांभळेकाळे. हे काय म्हणून मी हात घालणार तोच तिनं डबी मागे घेतली. "पूर्वी विहिरीत लाल औषध टाकायचे ना बाबा, तेच. त्यात भिजवून वाळवलेत." फळ पिकताना एक वायू सोडतं, आणि तो वायू लागला की शेजारचं फळही पिकायला लागतं. हे तुकडे तो वायू खाऊन टाकतात. खाऊन खाऊन जांभळ्याचे तपकिरी झाले की बदलायचे.

हे मला लगेच समजलं. आमच्या वाडीत एकानं स्लॅब टाकला तर त्याच साली आणखी चौघांनी टाकला. एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी नक्कीच काहीतरी जातं, ते दिसत नाही इतकंच.

दोन क्रेटमधली फळं तिनं बारीक भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, प्रत्येक पिशवीत जांभळ्या तुकड्यांची कागदी पुडी ठेवली आणि पिशव्या कोठीत लावल्या. उरलेले दोन क्रेट पडवीत कोपऱ्यात ठेवून दिले. नुसते. ना पिशवी, ना पुडी, ना पाणी.

दुसऱ्या दिवशी ती कशेडी घाट उतरून पलीकडे तिच्या एका मैत्रिणीकडे गेली. फळाचा घट्टपणा मोजायचं एक यंत्र असतं, ते तिच्याकडून आणायचं होतं. जाताना मला बजावून गेली, "बाबा, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. बाकी कशाला हात लावू नका. उद्या संध्याकाळी येतेच."

पाणी मी घातलं. इमानदारीनं घातलं. घालून पडवीत येऊन बसलो, आणि माझी नजर त्या दोन क्रेटवर गेली.

आता माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण पुढं सगळं त्यावर आहे. मला वाटलं, पोरगी विसरली. दोन क्रेटचं एवढं कोडकौतुक आणि हे दोन वाऱ्यावर. गडबडीत राहून गेलं असेल, एवढा प्रवास करून आलेली. कोर्टात एका बाजूला तीन-तीन वकील आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उठवणारा एकटा म्हातारा असं दिसलं की मी उठून म्हाताऱ्याला बसायला स्टूल द्यायचो, तसंच काहीतरी करावंसं वाटलं. त्यात ऊन असं होतं की पडवीतली फरशीसुद्धा तापलेली.

आणि अढीत मी वाडीत पहिला. ही बढाई नाही, कोणालाही विचारा. कैऱ्या कशा निवडायच्या, देठाची डेख वर की खाली, पेंढा किती जाड, गोणपाट कधी काढायचं, हे लोक मला विचारायला येतात. माझ्या अढीतला आंबा डागी निघत नाही. आता अढी ही फळ पिकवायला घालतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दुपारी माझ्या डोक्यानं असा युक्तिवाद मांडला: बाहेर टोपलीत ठेवलेली कैरी आठ दिवसांत सुरकुतते. अढीतली कैरी पंधरा दिवसांनी काढली तरी तुकतुकीत असते. म्हणजे कैरी जास्त दिवस कुठं राहिली? अढीत. म्हणजे अढी काय करते? टिकवते! समोर वकील नसला की युक्तिवाद फार सुंदर होतो.

बायको तांदूळ निवडत होती. तिनं मला क्रेट उचलताना पाहिलं.

"पोरगी बोलली ना, हात लावू नका म्हणून?"

"ते कोठीतल्यांबद्दल."

"सगळ्यांबद्दल बोलली."

"तू होतीस का कोर्टात इतकी वर्षं? शब्दांचा अर्थ मला कळतो."

"मग घाला," ती म्हणाली आणि सुपाकडं वळली. तिचं असं 'मग घाला' आलं की शहाण्या माणसानं थांबावं. मी माळ्यावर चढलो.

वर माझी आंब्याची अढी लागलेलीच होती, चांगली रंगावर आलेली. तिच्याच कडेला जागा केली, पेंढा अंथरला, प्लम एकेक करून, एकमेकांना खेटणार नाहीत असे मांडले. मांडताना प्रत्येकाला अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं, ती सवयच. वर पुन्हा पेंढा, वर गोणपाट. खाली उतरलो तेव्हा घाम पुसत मनाशी म्हटलं, लेक आली की तिला कळेल, शास्त्र आपल्याकडं पण आहे.

लेक दुसऱ्या दिवशी आली नाही. मैत्रिणीच्या आईनं ठेवून घेतलं. ती आली ती त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी, हातात यंत्राची पेटी. चप्पल काढायच्या आधी तिनं पडवीच्या कोपऱ्याकडं बघितलं.

"बाबा, इथले क्रेट?"

"चल वर," मी म्हटलं. "दाखवतो."

शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच वास आला. आंब्याचा म्हणावा तर नाही, दारूचा म्हणावा तर तसा थोडा. मी गोणपाट उचललं आणि अढीतून गरम वाफ तोंडावर आली. कौलांखालची मेची उष्णता, खालून पेंढ्याची ऊब आणि शेजारी पिकत आलेले आंबे. प्लम काळेलाल झाले होते. निम्मे फुटले होते, रस पेंढ्यात उतरला होता, चिलटं उडत होती. जे शाबूत दिसत होते त्यांच्या गालावर एकेक खळगा होता, माझ्या अंगठ्याच्या मापाचा.

"पिकले वाटतं," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माळ्यावरच गुडघे जवळ घेऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, ते मी विसरले नव्हते. ते तसेच ठेवायचे होते."

"कशाला?"

"कोठीतली फळं टिकली, हे मी कशावरून सांगणार? कोणापेक्षा टिकली? काहीच न केलेली फळं शेजारी लागतात. त्यांचं काय होतं आणि ह्यांचं काय होतं, तोच तर माझा सगळा अभ्यास आहे."

मग मात्र मला लख्ख कळलं. खटल्यात दोन बाजू असतात, आणि मी त्यातली एक बाजू उचलून माळ्यावर नेऊन मारली होती.

"दुसरे आणूया," मी म्हटलं. "मी जातो. आज रात्रीच्या गाडीनं जातो."

"हंगाम संपला तिकडं. हे शेवटच्या तोडणीतले होते. आता पुढच्या मेमध्ये." तिनं पेंढ्यातला एक प्लम उचलला, तो तिच्या हातातच फुटला. "म्हणजे एक वर्ष गेलं, बाबा. शिष्यवृत्ती एवढीच आहे, वाढवून नाही मिळत."

खाली आलो. बायकोनं आमच्या दोघांची तोंडं बघितली. तिनं लेकीच्या पुढं चहा ठेवला, माझ्या पुढं नाही.

तासाभरानं लेकीनं मार्गदर्शक बाईंना फोन लावला. मी पडवीत खांबाला टेकून, न ऐकल्यासारखं करून ऐकत होतो. तिनं काही लपवलं नाही. माळा, पेंढा, आंबे, सगळं सांगितलं. मग बाई हिंदीत काहीतरी विचारत राहिल्या, लेक 'हां मॅडम, हां मॅडम' करत वहीत लिहीत राहिली. फोन ठेवून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग होता. कोठीतली निम्मी फळं आजच पिशवीतून बाहेर काढायची आणि पुडीशिवाय, नुसती पडवीत ठेवायची. सगळी फळं आजपर्यंत एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे राहिलेली आहेत, तेव्हा आजपासून नवी मोजणी सुरू करायची. फळं कमी पडतील, निकाल थोडा लंगडा होईल, पण होईल. मात्र झालं ते सगळं वहीत लिहायचं. त्यातलं एक अक्षरही गाळायचं नाही.

इथं माझ्यातला कारकून जागा झाला. म्हटलं ही एवढी तरी मदत करू.

"हे बघ, लिहायचं कसं ते मी सांगतो. 'अपरिहार्य कारणास्तव दोन क्रेट उपलब्ध होऊ शकले नाहीत.' झालं. मी असली शेकडो पत्रं लिहिलीत, कोणी उलटून विचारत नाही."

"बाबा, अपरिहार्य म्हणजे जे टाळता येत नाही ते. तुम्हाला टाळता आलं असतं."

"मग उंदीर लिही. माळ्यावर उंदीर आहेतच."

तिनं माझ्याकडं बघितलं. ते रागानं बघणं नव्हतं. कोर्टात कधी कधी एखादा नवा न्यायाधीश यायचा, वयानं माझ्यापेक्षा लहान, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळायचं की इथं आता पूर्वीसारखं चालायचं नाही. तसं ते बघणं होतं. आणि खरं सांगतो, इतका ओशाळलेलो असतानाही आत कुठंतरी छाती फुगली. ही आपली पोरगी.

तिनं वहीत इंग्रजीत लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. अर्थ असा की, चौथ्या दिवशी बिनउपचाराचे दोन्ही क्रेट घरातील व्यक्तीने पेंढ्यात, पिकत्या आंब्यांजवळ ठेवल्याचे आढळले, फळे निकामी. मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, 'घरातील व्यक्ती' वर जरा जोर देऊन. नाव आलं नाही याचं समाधान.

बायको भाकरी थापत होती. "घरातली व्यक्ती म्हणजे मी पण हाय. उद्या तिकडची लोकं म्हणतील, आईनं केलं. वडलांनी केलं असं लिही गो."

लेकीनं खोडून 'वडिलांनी' केलं.

माळ्यावरचे प्लम बायकोनं फुकट जाऊ दिले नाहीत. गूळ घालून शिजवले, आणि आठ दिवस सकाळी भाकरीबरोबर वाढले. प्रत्येक वेळी वाढताना एकदा माझ्याकडं बघायची. चव उत्तम होती. दुसऱ्यांदा मात्र मी कधी मागून घेतलं नाही.

पुढचे दिवस मी शिक्षा भोगली. माझ्याकडं एकच काम ठेवलं होतं, वाळूवर पाणी. झारीनं, चारी बाजूंनी, सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. फळाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. लेक रोज ठरावीक फळं काढायची, यंत्राच्या टोकानं दाबायची, आकडा लिहायची, वजन करायची, रंग बघायची. पडवीतल्या फळांचे आकडे भराभर उतरत होते, कोठीतल्यांचे सावकाश. पुड्यांमधले जांभळे तुकडे तपकिरी व्हायला लागले तेव्हा तिनं बदलले. मला ते बघून उगाच बरं वाटलं, म्हणजे खरोखरच काहीतरी खाल्लं जात होतं.

मध्येच हवा बदलली. ढग आले, पश्चिमेचा दमट वारा सुटला, पाऊस नाही पण अंगाला चिकचिक. लेक कोठीत हात घालून बघायची आणि तोंड बारीक करायची. हवाच ओली असली की वाळूतलं पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही की गारवा नाही. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. घरातला टेबलफॅन लांब वायर लावून परसात नेला आणि कोठीच्या तोंडाशी ठेवला. बटण दाबणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, पंखा लावलात तर तोही लिहावा लागेल."

मी वायर गुंडाळली.

"आणि दमट दिवसांत ही कोठी कमी चालते हे पण लिहावं लागेल," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "पावसाळ्यात तर उपयोगच नाही हिचा."

"अगं पण मग तुझा अभ्यास?"

"हाच अभ्यास आहे ना बाबा. चालते तेव्हा चालते म्हणायचं, नाही तेव्हा नाही."

चौथ्या दिवशी वारा फिरला, हवा कोरडी झाली, आणि मी झारी भरून तयार होतोच.

नव्या मोजणीला आठ-नऊ दिवस झाले तेव्हा पडवीतली फळं संपल्यात जमा होती. मऊ, सुरकुतलेली, काही कुजलेली. त्या संध्याकाळी लेकीनं वाडीतल्या बायकांना बोलावलं. यंत्र काय सांगतं ते सांगतंच, पण खाणाऱ्याची जीभ काय सांगते तेही तिला हवं होतं. पडवीतली त्यातल्या त्यात बरी फळं एका ताटात, कोठीतली दुसऱ्यात. कुठलं ताट कुठलं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी दाराच्या चौकटीत उभा होतो, हात मागे बांधून, बायकोच्या हुकमानं.

वहिनीनं पहिल्या ताटातला एक खाल्ला. "उतरला ह्यो." दुसऱ्या ताटातला घेतला, चावला, आणि रस हनुवटीवरून गळला तो पुसायच्या आधीच म्हणाली, "ह्यो कालच्या गाडीनं आला काय?"

लेकीनं सांगितलं, दोन्ही एकाच बागेतले, एकाच दिवशी काढलेले. हा कोठीत होता.

वहिनीनं तो पुन्हा निरखला. मग तिचा धंद्याचा चेहरा झाला. "म्हंजे मंगळवारी काढलेला आंबा माझा रविवारपातूर राहील? रविवारी गाड्या थांबतात गो. मधले चार दिवस मी फेकते तेवढंच."

सगळ्या बायका लेकीकडं बघायला लागल्या. मी मनात म्हणत होतो, हो म्हण, हो म्हण. हो म्हटलं असतं तर त्या संध्याकाळी ती वाडीची देवी झाली असती.

"काकी, आंब्याचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी प्लमचं केलंय. आंब्याला तसंच लागू पडेल असं मी नाही सांगू शकत. पण करून बघूया. तुझ्या चार टोपल्या दे. दोन कोठीत ठेवू, दोन तशाच. आणि त्या दोन तशाच ठेवायच्या हां, कोणी हात लावायचा नाही."

शेवटच्या वाक्याला सगळ्या बायकांनी एकाच वेळी माझ्याकडं बघितलं. बघू देत. मी दुसऱ्याच विचारात होतो. तीस वर्षं मी साक्षी उतरवून घेतल्या. पाठ करून आलेले, रडणारे, शपथेवर शपथ घेणारे, सगळे साक्षीदार पाहिले. पिंजऱ्यात उभं राहून 'एवढं मला माहीत आहे, ह्याच्या पुढचं माहीत नाही' असं सरळ सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि कोर्ट विश्वास ठेवायचं ते त्यांच्यावरच. तिनं काळा कोट घातला नाही याचं वाईट वाटणं त्या संध्याकाळी माझ्यापुरतं संपलं. मी चौकटीत होतो, उभाच होतो, पण जरा आणखी सरळ उभा राहिलो.

आंब्यांचं पुढं झालं, वहिनीच्या परसात आता तिची स्वतःची कोठी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे रायवळ राहतो, हापूस तितका नाही, आणि मिरगाच्या आधी सगळं उरकायचं.

लेक वही घेऊन परत गेली. प्रबंध लिहिला, आणि दिवाळीच्या आधी तिची तोंडी परीक्षा झाली. त्या दिवशी मी सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो. बायकोनं दोनदा सांगितलं की फोन टेबलावर ठेवला तरी वाजतो. दुपारी तो वाजला.

"बाबा, झालं. पास. पुढच्या संशोधनालाही घेतायत."

"प्रश्न काय विचारले?"

ती हसायला लागली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही उघडली ती थेट चौथ्या दिवसावर. हे काय म्हणून विचारलं. तिनं उभं राहून सगळं सांगितलं, आमच्याकडं अढी कशी घालतात तेसुद्धा. सगळे हसले. मग त्यातले सगळ्यात वयस्कर होते ते म्हणाले, की जिनं हे लपवलं नाही तिचे बाकीचे आकडे मी तपासत बसत नाही.

मी फोन बायकोकडं दिला आणि परसात जाऊन उगाच झारी भरली.

संध्याकाळी महाडहून पेढे आणले. बाजारातल्या चांगल्या दुकानातले, दोन किलो, वाडीत घरटी वाटायला. वाटता वाटता मी बोलत होतो, गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. पोरीची जिद्द सांगितली, परीक्षक काय म्हणाले ते सांगितलं, दर घराला थोडं वाढवून सांगितलं. चौथ्या घरापर्यंत परीक्षक उठून उभे राहिले होते. शेवटी वहिनीच्या दारात पोचलो. ती उद्याच्या टोपल्या धुवत होती. पेढा तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, पोरीनं नाव काढलं. पण एक सांगतो, महिनाभर सकाळ-संध्याकाळ त्या कोठीला पाणी कोणी घातलं? मी. म्हणजे बघायला गेलं तर निम्मी पदवी माझी."

वहिनीनं पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि ओला हात पदराला पुसला.

"भावजी, पाणी तर तुम्ही मोरीमागच्या अळवाला पण घालता. ते काय बॅरिस्टर झालं?"